बाळगुटीतला ओक

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत काष्ठौषधीच्या दुकानात बाळगुटीचे सामान मागितले, की पुडीत हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ यांच्यासोबत एक गोल, टणक, करडी गोळी येते. अंगावर बारीक टेंगळे असलेली. तिला मायफळ म्हणतात, कुणी माजूफळ म्हणते. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तानापासून इराणपर्यंतच्या डोंगरांत ओक वृक्षाची एक बुटकी जात वाढते. तिच्या कोवळ्या अंकुरात एक इवलीशी गांधीलमाशी अंडे घालते आणि झाड त्या अंड्याभोवती गाठ तयार करते. ती वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. आजी ती सहाणेवर दुधात उगाळते, एक वेढा, फार तर दोन, आणि बोटाने बाळाच्या जिभेवर लावते. मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी ओकचे झाड उभ्या आयुष्यात पाहिलेले नसते, पण ओकची चव मात्र बोलायला लागण्याआधीच घेतलेली असते.

ती चव तुरट. मायफळाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा टॅनिनचा असतो. ओकच्या लाकडातही टॅनिन असते, प्रमाणाने पुष्कळ कमी आणि जातीने थोडे वेगळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटू लागते. आयुर्वेदाने सहा रसांत तुरटाला स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि जांभूळ, सुपारी, कच्चे केळे, आवळा खाणाऱ्या माणसाला तुरटाच्या निरनिराळ्या छटा शिकवाव्या लागत नाहीत. ओकच्या पिंपात मुरलेल्या ब्रँडीचा कणा हाच तुरटपणा असतो. तो नसला तर बाकीचे सुगंध गोडमिट्ट सरबतासारखे पसरून जातात.

ब्रँडीच्या चवीबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही. घरातल्या औषधाच्या कपाटातली छोटी बाटली किंवा दुकानाच्या जाळीमागची क्वार्टर, एवढीच तिची ओळख. आणि गंमत अशी, की मद्याचा कच्चा माल मराठवाड्यातून टँकर भरभरून बाहेर जातो.

मराठवाड्याचे आणि दारूच्या धंद्याचे नाते मळीचे आहे. लातूरकडचा मांजरा, नांदेडकडचा भाऊराव चव्हाण हे सहकारी साखर कारखाने या भागातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असतात. ऊस गाळून साखर काढली की मागे काळी, चिकट मळी उरते. तिच्यात साखर शिल्लक असते, पण ती दाणेदार करून काढणे परवडत नाही. म्हणून मळी पातळ करून यीस्टने आंबवतात आणि उंच स्तंभांमधून तिचे ऊर्ध्वपातन करतात. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातल्या बाळापूरला पायोनियर डिस्टिलरीजचा मोठा प्रकल्प उभा राहिला, पुढे तो युनायटेड स्पिरिट्सकडे गेला. मळीइतकेच धान्यही आता या धंद्यात वापरले जाते. स्तंभातून शेवटी जे निघते त्याला धंद्यातली माणसे ईएनए म्हणतात. जवळजवळ ९६ टक्के शुद्ध अल्कोहोल. त्याला वास नसावा, चव नसावी, ते उसाचे की ज्वारीचे हे कुणाला ओळखू येऊ नये, हाच त्याचा गुण. कारखान्यातला रसायनतज्ज्ञ त्यासाठीच झटतो.

भारतात ब्रँडी म्हणून जे विकले जाते, त्यातल्या बहुतेकांचा पाया हे बिनवासाचे स्पिरिट असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मिश्र ब्रँडीत शुद्ध द्राक्षाची ब्रँडी किमान २ टक्के असली तरी पुरते. बाकीच्यात स्पिरिट असू शकते. रंगाला कॅरामल, चवीला स्वादद्रव्ये. यात बेकायदा काही नाही. पण द्राक्षाच्या वाइनचे ऊर्ध्वपातन करून वर्षानुवर्षे लाकडात ठेवलेले पेय आणि हे पेय दोन्ही एकाच नावाने ओळखली जातात, हे गिऱ्हाइकाला माहीत असणे हा त्याचा साधा हक्क आहे. लेबलवर ‘ग्रेप ब्रँडी’ लिहिले आहे की नुसतेच ‘ब्रँडी’, हे वाचायची सवय लागली तरी पुष्कळ उलगडा होतो.

महाराष्ट्रात या धंद्याचे मोठे ठाणे आहे श्रीरामपूर तालुक्यात. १९३३ साली महादेव लक्ष्मण डहाणूकरांनी तिथे साखर कारखाना काढला. त्यातून वाढलेल्या टिळकनगर इंडस्ट्रीजची ‘मॅन्शन हाउस’ ही देशात सर्वाधिक खपणाऱ्या ब्रँड्यांपैकी एक. तिचा मोठा खप महाराष्ट्रात नाही, दक्षिणेत आहे. तेलंगणा, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, केरळ हा भारतातला ब्रँडीचा मुलूख. धर्माबादहून पुढे निघाले की गोदावरीकाठचे बासर लागते आणि तेलंगणा सुरू होतो. म्हणजे नांदेड जिल्हा त्या मुलखाच्या अगदी उंबरठ्यावर बसलेला आहे.

आता खरी ब्रँडी कशी घडते ते पाहायला फ्रान्सच्या पश्चिमेला, शारांत नदीकाठच्या कोन्याक गावाकडे जावे लागते. ब्रँडी हा शब्द डच. ‘ब्रांडवाइन’ म्हणजे जाळलेली वाइन. १७ व्या शतकात डच व्यापारी या भागातली वाइन जहाजातून नेत. ती वाटेत खराब होई, आणि आटवून नेली तर जागाही कमी लागे. म्हणून ऊर्ध्वपातनाची चाल पडली. पिंपे बंदरात पडून राहिली तेव्हा लक्षात आले, की लाकडात थांबल्याने आतले पेय बदलते, आणि चांगले बदलते. ओकची निवड त्या वेळी चवीसाठी झालेली नव्हती. वाहतुकीचे भांडे तेवढे ते होते.

कोन्याक ब्रँडीसाठी लागणारी वाइन स्वतः प्यायला मुळीच चांगली नसते. उनी ब्लाँ नावाच्या द्राक्षाची ती वाइन आंबट, पातळ, जेमतेम ८ ते १० टक्क्यांची. पण आंबटपणामुळे ती ऊर्ध्वपातनापर्यंत टिकते, आणि पातळपणामुळे एक लिटर अर्कासाठी सुमारे नऊ लिटर वाइन आटवावी लागते, म्हणजे द्राक्षाचे सुगंध तितकेच घट्ट होतात. आपल्याकडची खाण्याची द्राक्षे नेमकी याच्या उलट. नाशिक-सांगलीच्या उन्हात थॉम्पसन सीडलेसच्या घडात साखर भरभर चढते आणि आम्लता उतरते. खायला, बेदाण्याला उत्तम, ब्रँडीला कच्चा दुवा. नाशिकच्या सुला व्हिनयार्ड्सने ‘जेनस’ नावाची द्राक्षाची ब्रँडी बाजारात आणली, तो महाराष्ट्राचा या दिशेने झालेला महत्त्वाचा प्रयत्न.

ऊर्ध्वपातन तांब्याच्या भांड्यात, दोनदा. ज्यांच्या घरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता त्यांना ते भांडे परके वाटणार नाही, फक्त त्याच्या डोक्यावर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असते. तांबे गंधकाचे दुर्गंधी अंश धरून ठेवते. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधली तेवढी घेतात. ती पाण्यासारखी रंगहीन असते, ७० ते ७२ टक्के ताकदीची, आणि हुंगली तर फुलांचा, नाशपातीचा, द्राक्षवेलीचा वास येतो. मळीच्या स्तंभातून निघणाऱ्या ईएनएशी तिची तुलना केली की फरक कळतो. स्तंभ वास काढून टाकण्यासाठी बांधलेला असतो, तांब्याचे भांडे वास राखण्यासाठी. काही कोन्याक घराणी तर वाइनच्या तळाचा यीस्टचा गाळही सोबत आटवतात. त्यातल्या मेदाम्लांचे फळ वीस-तीस वर्षांनी मिळते. त्याबद्दल पुढे.

तर ही पांढरी, तिखट धार पिंपात जाते.

पिंप ओकचेच का? किनवटच्या जंगलात सागवान आहे, शेताच्या बांधावर बाभूळ आहे. बैलगाडी बाभळीची, दारे-खिडक्या सागाच्या. पण सागात तेलकट द्रव्ये असतात आणि ती अर्कात उतरतात. बाभळीचा तुरटपणा फार कडक, तिच्या सालीने कातडी कमावतात. ओकच्या लाकडात आडव्या किरणपेशींचे जाड पट्टे असतात, ते पाणी झिरपू देत नाहीत, आणि रसवाहिन्यांची तोंडे आतून बुजलेली असतात. तरी हवा मात्र अगदी सूक्ष्म प्रमाणात आत-बाहेर करू शकते. शिवाय ते तापवले की वाकते. पाणी धरून ठेवणारे, श्वास घेणारे, वाकणारे आणि चवीला मानवणारे, असे चारही गुण एका झाडात क्वचितच सापडतात.

फ्रान्समध्ये यासाठी दोन जंगले प्रसिद्ध. लिमुझाँचा ओक भरड रेषेचा, टॅनिन भरपूर. त्राँसेचा ओक बारीक रेषेचा, टॅनिन कमी पण सुगंध जास्त. त्राँसेचे जंगल १७ व्या शतकात लुई चौदाव्याचा मंत्री कोल्बेर याने नौदलाच्या जहाजांसाठी राखून घेतले होते. पिंपासाठी निवडलेले झाड दीडशे वर्षांचे किंवा त्याहून म्हातारे असते. फ्रेंच ओकचे लाकूड चिरत नाहीत, फोडतात. करवतीने रेषा कापली गेली तर पिंप गळते, म्हणून कुऱ्हाडीच्या पात्याने रेषेच्या कलाने फोडायचे. त्यात बरेचसे लाकूड वाया जाते, ओंडक्याचा साधारण चौथा हिस्साच फळ्यांच्या कामी येतो. मग त्या फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर, पावसात-उन्हात रचून ठेवतात. पावसाने कडवट, रासवट टॅनिन धुपून जाते आणि बुरशी आपले काम करते. एवढे थांबल्यावर पिंप बांधायला घेतात, म्हणजे ब्रँडी अजून आत गेलेलीही नसते आणि लाकडाने तीन वर्षे खर्ची टाकलेली असतात.

बांधणी पाहिली तर माळेगावच्या यात्रेत किंवा गावच्या लोहाराकडे चाकाला धाव चढवताना पाहिलेल्या माणसाला ओळख पटेल. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवतात, पाणी ओततात, ती आवळते आणि आरे-पाट घट्ट होतात. खिळा नको, सरस नको. पिंपातही खिळा नाही, सरस नाही. इथे मात्र लोखंड न तापवता लाकूड तापवतात. फळ्या एका टोकाला कड्यात उभ्या करायच्या, मधोमध ओकच्याच ढलप्यांचा जाळ करायचा, ओल्या फडक्याने बाहेरून भिजवत राहायचे आणि वाकलेल्या फळ्या हळूहळू आवळत आणायच्या. फळ्या जुळल्या तरी जाळ विझवत नाहीत. पिंपाची आतली बाजू आणखी भाजू देतात.

चवीचा अर्धा जन्म इथे होतो. हे मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला समजावून सांगायची गरज नाही. येसर करताना धान्य आणि डाळी खमंग भाजतात, काळ्या मसाल्यात खोबरे, दगडफूल, धने तेलावर काळपट होईपर्यंत परततात. कच्च्या धन्याला जो वास नसतो तो भाजल्यावर येतो, आणि एक मिनिट जास्त झाले तर कडू होतो. ओकच्या फळीत तीन मुख्य द्रव्ये असतात. सेल्युलोज तर नुसता सांगाडा. हेमिसेल्युलोज हा साखरेच्या साखळ्यांचा बनलेला, तो आचेने तुटतो, करपतो आणि त्यातून फुरफुराल, माल्टोल असली संयुगे बनतात. त्यांचा वास भाजलेल्या बदामाचा, पावाच्या कडेचा, गुळाच्या काकवीचा. लिग्निन तुटले की व्हॅनिलिन निघते, म्हणजे व्हॅनिलाच्या सुगंधाचे मुख्य द्रव्य. आइस्क्रीममधला ओळखीचा वास ओकच्या फळीत आधीपासून कोंडलेला असतो, जाळ त्याला मोकळे करतो. युजेनॉल हे लवंगेच्या तेलाचे मुख्य द्रव्य, तेही ओकमध्ये असते. दातदुखीला लवंग धरणाऱ्या माणसाला जुन्या ब्रँडीतला तो मागचा, किंचित बधिर करणारा झोत लगेच ओळखता येईल. आणि ओक लॅक्टोन नावाचे संयुग चक्क ओल्या खोबऱ्यासारखे वासाला लागते. अमेरिकी ओकमध्ये ते जास्त, म्हणून अमेरिकेच्या बर्बनमध्ये खोबरे आणि व्हॅनिला पुढे असतात. फ्रेंच ओकमध्ये लवंग-दालचिनी आणि तुरटपणा पुढे.

भाजलेले पिंप, आत ७० टक्क्यांचा अर्क. आता वाट पाहायची.

नव्या पिंपात अर्क सहसा सहा महिने ते वर्षभरच ठेवतात, मग जुन्या पिंपात काढतात. नवे लाकूड भराभर देते. जास्त ठेवले तर ब्रँडी फळीसारखी लागते, बाळगुटीत मायफळाचे वेढे जास्त झाल्यावर बाळ तोंड वाकडे करते तशी. जुने पिंप नवे काही फारसे देत नाही, ते फक्त श्वास घेऊ देते. लाकडातून येणाऱ्या प्राणवायूने अल्कोहोलचे ॲल्डिहाइड होतात, आम्ले बनतात, आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात, आणि एस्टर म्हणजे फळांचे वास. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडून मोठे होतात, तुरटपणा मऊ होतो. रंगही येतो, आधी गवतासारखा फिका, मग मधाचा, मग पक्क्या गुळाचा. कोन्याकला कायद्याने किमान दोन वर्षे ओकमध्ये राहावे लागते. बाटलीवरचे व्हीएसओपी म्हणजे मिश्रणातली सर्वांत तरुण ब्रँडी किमान चार वर्षांची, आणि एक्सओसाठी २०१८ पासून ही मर्यादा सहावरून दहा वर्षांवर नेली आहे. तिथेही कॅरामलला, थोड्या साखरेला आणि ओकच्या ढलप्यांच्या काढ्याला परवानगी आहे. तेव्हा कॅरामल म्हणजे फसवणूक, असे सरसकट म्हणणे खरे नाही. प्रश्न आहे तो कॅरामलखाली काय आहे याचा.

दहा-पंधरा वर्षांनंतर एक निराळीच गोष्ट घडू लागते. फ्रेंच लोक तिला ‘राँसिओ’ म्हणतात. यीस्टच्या गाळातून आलेली ती मेदाम्ले सावकाश बदलत जातात आणि त्यांच्यापासून कीटोन नावाची संयुगे होतात. वास अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा, अळंब्यांचा, जुन्या लाकडी पेटीचा. हे शब्द ऐकून तोंडाला पाणी सुटणार नाही, पण असा वास पेल्यात भेटला की माणूस बोलायचे थांबतो. याच्याच शेजारचा एक वास मराठी घरात रोज असतो. सोटोलोन नावाचे संयुग मेथीदाण्याला त्याचा वास देते, आणि लाकडात वर्षानुवर्षे राहिलेल्या शेरीसारख्या वाइनमध्येही ते सापडते. मेथीचे लाडू वळणाऱ्या बाईचे नाक या बाबतीत कुठल्याही परदेशी तज्ज्ञापेक्षा कमी तयार नसते. तिला फक्त त्या वासाचे नाव सांगणारे कुणी भेटलेले नसते.

पिंपातून ब्रँडी काचेच्या मोठ्या बुधल्यात काढली की हे सगळे थांबते. काच श्वास घेत नाही. कोन्याकच्या कोठारांतल्या सर्वांत जुन्या ब्रँड्या अशा काचेत, ‘पारादी’ म्हणजे स्वर्ग नावाच्या खोलीत ठेवलेल्या असतात, आहे ते वय जपण्यासाठी. आपल्याकडे पुष्कळ घरांत समजूत असते, की कपाटात वीस वर्षे पडून असलेली बाटली आता फार भारी झाली असणार. ती बाटलीत भरली त्या दिवशी जितकी वयाची होती तितकीच आजही आहे. उलट झाकण सैल असेल तर थोडी उडून गेलेली असेल.

उडून जाण्याचा हा विषय मराठवाड्याच्या हवेत फार महत्त्वाचा ठरला असता.

कोन्याकला पिंपातून दर वर्षी साधारण २ टक्के ब्रँडी हवेत जाते. त्याला तिथे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. त्या वाफेवर जगणारी एक काळी बुरशी कोठारांच्या भिंतींवर आणि छपरांवर चढते. १८७२ मध्ये आँतोनँ बोद्वँ या कोन्याकच्या औषधविक्रेत्याने तिची नोंद केली. पुढे २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्याच नावावरून तिच्या प्रजातीला ‘बोडोइनिया’ म्हटले. उष्ण हवेत हा वाटा मोठा होतो. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीला, जी राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केली, व्हिस्कीच्या पिंपांत दर वर्षी १० टक्क्यांच्या आसपास तूट सोसावी लागते. आठ वर्षे मुरलेल्या आपल्या एका व्हिस्कीला त्यांनी नावच दिले ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत. साधे गणित करून पाहावे. ३५० लिटरचे पिंप दर वर्षी २ टक्क्यांनी आटले तर दहा वर्षांनी सुमारे २८६ लिटर उरते. तेच १० टक्क्यांनी आटले तर सुमारे १२२.

नांदेड-लातूरचा मे महिना बंगळुरूपेक्षा कितीतरी कडक. पारा ४२-४३ च्या पुढे जातो, दुपारी हवा कोरडीठाक. इथे आणखी एक गोष्ट घडते आणि ती मोठी लक्षवेधी आहे. पिंपातून पाणीही बाहेर जाते आणि अल्कोहोलही. बाहेरच्या हवेत अल्कोहोलची वाफ नसतेच, त्यामुळे अल्कोहोल कुठल्याही ऋतूत निसटत राहते. पाण्याचे तसे नाही. बाहेर दमट असेल तर पाणी आतच थांबते आणि वर्षागणिक ब्रँडीची ताकद उतरते. बाहेर कोरडे असेल तर पाणी झपाट्याने जाते, ताकद टिकते किंवा चक्क वाढते. कोन्याकचे कोठारदार म्हणूनच ‘कोरडे कोठार’ आणि ‘दमट कोठार’ असा भेद करतात. नदीकाठच्या दमट कोठारातली ब्रँडी गोल, मऊ, वरच्या कोरड्या कोठारातली टोकदार. मराठवाड्यात एकाच पिंपाला वर्षात दोन्ही कोठारे भोगावी लागतील, फाल्गुन ते ज्येष्ठ कोरडे, आषाढ ते आश्विन दमट. उष्णतेने लाकडातले टॅनिन आणि व्हॅनिलिनही भराभर उतरेल, तीन वर्षांत रंग एक्सओचा येईल. पण राँसिओ येणार नाही, कारण त्याला घाई मानवत नाही आणि तोवर पिंपात फारसे काही उरलेले नसेल. उष्ण देशातली लाकडात मुरलेली दारू ही थंड देशातल्या दारूची स्वस्त नक्कल नसते, ती वेगळी वस्तू असते, हे तिच्याकडे पाहताना विसरू नये.

पाण्याचा उल्लेख झाला तेव्हा हेही नोंदले पाहिजे, की या प्रदेशात मद्याचा विषय केवळ चवीचा राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला. डिस्टिलरीला आंबवायला पाणी लागते, वाफेला लागते, थंड करायला लागते. लातूरच्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ आहे.

आता कपाटातल्या छोट्या बाटलीकडे. सर्दी-पडशाला गरम पाण्यात दोन चमचे ब्रँडी, लहान मुलाच्या छातीला ब्रँडीचे बोट, हे एका पिढीने सर्रास केले. ब्रँडी घेतल्यावर ऊब वाटते हे खरे, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण त्याच कारणाने शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीर प्रत्यक्षात थंड होते. तान्ह्या मुलाला तर तिचा थेंबही धोक्याचा, आणि छातीला चोळलेले अल्कोहोल कोवळ्या कातडीतून आत जाऊ शकते. औषध म्हणून ब्रँडीची जागा वैद्यकाने कधीच काढून घेतली. या समजुतीला आधार मिळाला असावा तो आपल्याकडच्या द्राक्षारिष्टाचा. मनुकांचा काढा, गूळ, धायटीची फुले, दालचिनी-वेलची, तुपाचा हात फिरवलेले भांडे आणि महिनाभर बंद तोंड, अशी ती कृती. त्यातही आंबण्याने ५ ते १० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल तयार होते. पण ते ऊर्ध्वपातन केलेले नसते, चमच्याने मोजून घेतात, आणि त्याची चव लाकडाने दिलेली नसते.

ज्याला ब्रँडी चाखून पाहायची आहे त्याच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला प्या’ असे लिहिलेले असते, ती खोली कोन्याकची, १८ ते २० अंशांची. लातूरच्या मे महिन्यातल्या खोलीत ब्रँडी ओतली तर नाकात फक्त अल्कोहोलचा भपकारा जाईल. बाटली थोडी गार करावी, पेला तोंडाशी निमुळता घ्यावा, तळहातात धरून ऊब देऊ नये. आधी पेला नाकापासून वीतभर लांब धरावा, तेव्हा फुले आणि फळे भेटतात. जवळ आणला की व्हॅनिला, लवंग, खोबरे. पेला रिकामा झाल्यावर काही वेळाने पुन्हा हुंगावा. अल्कोहोल उडालेले असते आणि काचेला लाकूड तेवढे चिकटून राहते. कॅरामल आणि स्वादद्रव्यांवर उभी असलेली ब्रँडी इथे उघडी पडते. तिच्या रिकाम्या पेल्यात थोडासा साखरेचा वास उरतो आणि तोही लवकर जातो.

नांदेड जिल्ह्यात द्राक्षाची ब्रँडी नाही. पण किनवट-माहूरच्या जंगलात मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फिकट पिवळी, रसाळ फुले टपटप पडतात, आणि गोंड, कोलाम, आंध कुटुंबे उजाडताच ती वेचायला निघतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. त्याची भाकरीत भर घालतात, गुरांना चारतात आणि त्याची दारू गाळतात. भारतीय नियमांच्या भाषेत फळाच्या ब्रँडीबरोबर ‘फुलाची ब्रँडी’ असाही शब्द आहे, आणि जगात फुलापासून गाळलेली दारू फार थोड्या ठिकाणी होते. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने मोहाची दारू ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ नावाने बाटलीत आणली, त्याआधी गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांनी ‘डीजे महुआ’ काढली होती. किनवटकडे मोहाची धार मातीच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या भांड्यातून निघते आणि आठवडाभरात संपते. तिला लाकूड कधी भेटत नाही. पण उन्हात अंगणभर पसरून वाळवलेल्या त्या फुलांची मूठ नाकाशी धरली, तर बेदाण्याचा, काकवीचा आणि किंचित जुनाट, उबदार असा जो वास येतो, तो पंचवीस वर्षांच्या पिंपाचे बूच काढल्यावर येणाऱ्या वासाच्या फार जवळचा असतो.